मोड

इंग्लंडमध्ये रेडिंगला लेकीच्या घरी जावयांनी गॅरेजमध्ये पोतं उघडलं आणि भाजणीचा वास सुटला. मी आत भांडी आवरत होते, हात तसेच ओले ठेवून बाहेर आले. पोत्यात जव होते, ज्याला आपण सातू म्हणतो. पण हे नुसते सातू नव्हते. चार दाणे तोंडात टाकून चावले तर कुरकुरीत लागले आणि मागाहून जिभेवर गोडवा उतरला. कच्चं धान्य असं गोड लागत नाही. “आई, याला आधी मोड आणतात, मग वाळवतात,” जावई म्हणाले. मी तिथेच पायरीवर बसले. मोड आणून वाळवलेलं धान्य माझ्या ओळखीचं होतं, पण त्याचा रंग वेगळा होता आणि घरही वेगळं होतं.

ते त्या शनिवारी पहिल्यांदाच घरी बिअर करणार होते, तीही थेट धान्यापासून. स्टाउट नावाची काळी बिअर, आणि तिच्यात कॉफी. लेकीला वाटलं होतं, आईला हे आवडणार नाही. तिची शंका रास्त होती. मी तीस वर्षं पालघर तालुक्यात झेडपीच्या शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी आमच्या मासवण गावाच्या आसपास. सोमवारी वर्गात कोण आलेलं नाही यावरून रविवारी कुणाच्या घरी काय झालं असेल हे मला कळायचं. दारूने बाप गेलेल्या मुलांच्या वह्या मी माझ्या पगारातून घेतल्या आहेत. तेव्हा घरात बिअर शिजणार म्हटल्यावर मला आनंद व्हावा असं काही नव्हतं. पण मी विज्ञान शिकवणारी बाई. त्या गोड दाण्यामुळे माझ्याच्याने बाजूला बसवेना.

इथे हे घरी करायला कायद्याची आडकाठी नाही, हे मी आधी विचारून घेतलं. इंग्लंडमध्ये १९६३ पर्यंत घरच्या बिअरलाही परवाना लागायचा. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंग या अर्थमंत्र्यांनी ती अट काढून टाकली. घरापुरती करा, विकू मात्र नका, एवढंच बंधन राहिलं. अमेरिकेत हीच सूट द्यायला १९७८ साल उजाडलं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरात दारू गाळणं किंवा बिअर आंबवणं गुन्हा आहे. मासवणात मी हे केलं नसतं आणि कुणाला करा असं सांगणारही नाही.

रेडिंग हे बिअरचंच गाव. बिअर, बिस्किटं आणि फुलझाडांचे कंद या तीन गोष्टींवर ते एकेकाळी चालायचं. १७८५ मध्ये सुरू झालेली सायमंड्सची ब्रुअरी केनेट नदीच्या काठी होती. आता त्या भागात ओरॅकल नावाचा मॉल आहे. नदी मात्र मॉलच्या मधून वाहते. संध्याकाळी मी तिच्या काठावर बसायचे तेव्हा मला सूर्या आठवायची. पालघरहून मनोरच्या रस्त्याने वाघोबाची खिंड उतरलं की थोड्या वेळात आमचं मासवण येतं. तिथून सूर्येचं पाणी पंपांनी उचलतात, धुकटनला शुद्ध करतात आणि ते पार वसई-विरारच्या नळांना जातं. आम्ही नदी दोन कामांसाठी पाहिली, शेतीसाठी आणि दुसऱ्यांच्या नळांसाठी. नदीच्या पाण्यावरून एखाद्या गावाच्या पेयाची चव ठरते, हे मला रेडिंगला कळलं.

ते असं. रेडिंगचं पाणी जड आहे, खडूच्या थरांतून येतं. किटलीच्या तळाशी महिन्याभरात पांढरा थर धरतो. अशा पाण्यात फिकट बिअर नीट साधत नाही, पण काळी साधते. कारण काळं भाजलेलं धान्य आंबटसर असतं, ते पाण्यातला अल्कधर्मी गुण मारतं आणि मिश्रण पाहिजे तेवढं आम्ल होतं. लंडन आणि डब्लिनची काळी बिअर जगभर गेली, त्यामागे तिथल्या पाण्याचा हात होता. पीएचची पट्टी बुडवून मी स्वतः पाहिलं, साडेपाचच्या आसपास आली. शाळेत लिंबूरस आणि साबणाच्या पाण्यावर ज्या पट्ट्या मुलांना दाखवल्या त्याच पट्टीने ही गोष्ट सांगितली, याचा मला फार आनंद झाला.

धान्य मोजून घेतलं. फिकट माल्ट, म्हणजे तेच मोड आणून वाळवलेले जव, चार किलो, काळे भाजलेले जव ४०० ग्रॅम, चॉकलेट माल्ट २५० ग्रॅम आणि ओट्सचे पोहे ४०० ग्रॅम. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसतं, भाजण्याच्या रंगावरून ते नाव पडलं आहे. काळे जव हातात घेतले तर कॉफीच्या बियांसारखेच दिसत होते, वासही तोच. याचं कारण साधं आहे. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने माल्ट भाजायला फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. कॉफीही अशाच फिरत्या पिंपात भाजतात. एकसारखी उष्णता, एकसारखा काळा रंग. तेव्हापासून स्टाउटला कॉफीची चव कॉफी न घालताही येते. आम्ही वरून आणखी कॉफी घालणार होतो ती आहे त्या चवीला साथ द्यायला.

पहिली चूक पाण्यात झाली. चौदा लिटर पाणी सत्तर अंशांवर आणलं, त्यात भरड धान्य टाकलं, ढवळलं आणि थर्मामीटर बुडवला तर बासष्ट. पाहिजे होतं सहासष्ट. गॅरेजमधलं धान्य गार होतं, त्याने उष्णता ओढून घेतली. जावई कावरेबावरे झाले. मी म्हटलं, थांबा, उकळतं पाणी आहे ना? चुलीवरच्या आधणात तांदूळ वैरताना हा हिशोब आपण रोज करतो, फक्त आकड्यात मांडत नाही. हळूहळू दोन लिटर उकळतं पाणी ओतलं आणि पारा सहासष्टला येऊन थांबला.

हे चार अंश का महत्त्वाचे, ते सांगते. धान्याला मोड येतो तेव्हा आतल्या पिठाचं साखरेत रूपांतर करणारं द्रव्य तयार होतं, कारण कोंबाला खायला साखर लागते. १८३३ मध्ये पायेन आणि पेर्सो या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी ते माल्टमधूनच वेगळं काढलं आणि त्याला डायास्टेस नाव दिलं. माणसाने वेगळं काढलेलं ते पहिलं विकर, म्हणजे एन्झाइम. आज त्यात दोन मुख्य विकरं मानतात. एक साठ ते पासष्ट अंशांत जोमात असतं आणि बिअर आंबवणाऱ्या यीस्टला खाता येईल अशी साखर करतं. दुसरं सत्तरच्या आसपास जोमात असतं आणि यीस्टला न पचणारे तुकडे मागे ठेवतं, त्यामुळे पेय दाट लागतं. सहासष्टला दोघंही काम करतात. आणि काळ्या दाण्यात यातलं काहीच उरलेलं नसतं, भाजण्यात ते जळून गेलेलं असतं. रंग आणि चव काळ्या दाण्यांची, पण त्या सगळ्या भांड्यातलं पीठ विरघळवायचं काम चार किलो फिकट दाण्यांचं.

तासाभराने मी लेकीकडे आयोडीन मागितलं. पांढऱ्या बशीत त्या गोड पाण्याचा एक थेंब, त्यावर आयोडीनचा एक थेंब. पीठ शिल्लक असेल तर निळा-काळा रंग येतो. तीस वर्षं मी हा प्रयोग मुलांना दाखवला होता. बटाट्याची फोड, भाताची पेज, पावाचा तुकडा, सगळ्यांवर निळा रंग यायचा आणि वर्ग “ओऽऽ” करायचा. इथे थेंब तांबूसच राहिला. निळं काही दिसेना. काळ्या रंगाने झाकलं असेल म्हणून पाणी घालून पातळ करून पुन्हा पाहिलं, तरी तांबूस. पीठ संपलं होतं, त्याची साखर आणि ते न पचणारे तुकडे झाले होते. तीस वर्षं मी रंग येतो हे शिकवलं. रंग न येण्याचा प्रयोग मी एकदाही कुणाला दाखवला नव्हता.

त्या बशीसमोर उभी असताना मला आजी आठवली.

आमच्या घरात मूल चार-पाच महिन्यांचं झालं की आजी सत्त्वासाठी नाचणी काढायची. आमची वरकस जमीन होती, डोंगराच्या उतारावर, तिथे नाचणी आणि वरई पिकायची. ती नाचणी रात्रभर भिजवायची, सकाळी उपसून सुती फडक्यात घट्ट बांधायची आणि माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात पाटाखाली ठेवायची. दिवसातून दोनदा पाण्याचा हबका मारायची. मोड आले की फडकं सोडल्यावर आतून ओल्या मातीसारखा, जरासा काकडीसारखा वास यायचा. मग सावलीत वाळवणं, हातांनी चोळून मोड झाडणं, तव्यावर जेमतेम गरम करणं, जात्यावर दळणं आणि पातळ कापडातून वस्त्रगाळ करणं. आई कधी घाईने तवा तापवायची तर आजी ओरडायची, “मोडाची नाचणी भाजायची नाय, नुसती ऊन दाखवायची!” मला वाटायचं, करपेल म्हणून म्हणते. करपण्याचा प्रश्नच नव्हता. जास्त भाजली असती तर विकर मेलं असतं आणि सत्त्वाचं नुसतं पीठ झालं असतं. आजीला विकर हा शब्द माहीत नव्हता. तिला हे माहीत होतं की भाजलेल्या पिठाची पेज घट्ट होते आणि बाळ ती ढकलून देतं.

हे माझं मनोराज्य नाही. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नसंशोधन संस्थेत एन. जी. मल्लेशी आणि देशिकाचार यांनी नाचणीच्या माल्टवर बरंच काम केलं आहे. मोड आलेल्या नाचणीत पीठ विरघळवणारं विकर इतर भरडधान्यांपेक्षा चांगलं येतं, हे त्यातून पुढे आलं. बडोद्याला तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात दाखवलं की घट्ट खिरीत अशा मोडाच्या पिठाचा एखादा चमचा घातला की ती पातळ होते आणि मूल एका बैठकीत जास्त खातं. लहान मुलाचं पोट ओंजळीएवढं. पेज पातळ करायची म्हणून पाणी वाढवलं तर पोट पाण्यानेच भरतं. मोडाचं पीठ घातलं तर धान्य तेवढंच राहतं आणि घास उतरतो. जव्हार-मोखाड्याच्या कुपोषणावर किती बैठका झाल्या, किती अहवाल लिहिले गेले. त्याच डोंगरांत नाचणी पिकते, आणि फडक्यात बांधून मोड आणायची पद्धत तिथल्या म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. हे दोन्ही एका वाक्यात आणायला मला रेडिंगचं गॅरेज लागलं.

दुसरी अडचण गाळताना आली. भांड्याला खाली तोटी होती, आत जाळी. तोटी उघडली तर दोन-तीन लिटर आलं आणि थांबलं. ओट्सच्या पोह्यांनी चिकट लगदा करून जाळी बुजवली होती. जावयांनी पुस्तक उघडलं. मी लेकीला म्हटलं, तुझा जुना सुती दुपट्टा दे, आणि आधी उकळून दे. बादलीच्या तोंडावर दुपट्टा बांधला, लगदा वाडग्या-वाडग्याने त्यावर घातला, वरून शहात्तर अंशांचं पाणी सोडलं आणि चार कोपरे धरून सावकाश वर उचलला. खाली काळं, चकाकणारं पाणी धारेने पडू लागलं. पिळायचं नाही, नुसतं झुलवायचं, म्हणजे गढूळ येत नाही. हे माझ्या हातांना सांगावं लागलं नाही. कुरडयांचा चीक, नाचणीचं सत्त्व, चक्क्याचं दही, सगळं असंच टांगून झुलवलेलं. राहिलेला चोथा शेजारच्या बाईंच्या कोंबड्यांना गेला. मासवणात तो म्हशीने खाल्ला असता.

त्यानंतर तासभर उकळी. त्यात हॉप्स घातले, ईस्ट केंट गोल्डिंग्ज नावाचे. ही वेलीची वाळलेली फुलं, गवत आणि संत्र्याच्या सालीच्या मधला वास. कडूपणा त्यांचा, आणि जंतूंपासून राखणही तीच करतात. मग गार करणं. गार करताना घाई हवी, कोमट रेंगाळलं की हवेतलं नको ते शिरतं. लेकीने बाथटबमध्ये बर्फ भरला, त्यात भांडं ठेवलं. वीस अंशांवर आल्यावर हायड्रोमीटर सोडला, त्याने १.०५० दाखवलं. दूधवाल्याचा लॅक्टोमीटर असतो ना, तसाच हा, फक्त दुधाऐवजी साखर मोजतो. वरून यीस्ट भुरभुरलं आणि झाकणाला वाकडी नळी लावली.

रात्री दोन वाजता मी पाणी प्यायला उठले. जिन्याखालून आवाज येत होता, टुक… टुक… टुक. नळीतल्या पाण्यातून बुडबुडे निघत होते. मी अंधारात तिथे बराच वेळ उभी राहिले. इडलीचं पीठ रात्री फुगतं तेव्हा त्याला आवाज नसतो, म्हणून आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. हे आवाज करत होतं. जिवंत काहीतरी जेवत होतं.

त्या आवाजानेच मला मोहाकडे नेलं, आणि त्यावर लिहायचं मी टाळणार नाही.

फाल्गुन-चैत्रात आमच्या शाळेचा पट घसरायचा. मुलं पहाटे टोपल्या घेऊन मोहाखाली जायची, कारण मोहाचं फूल रात्री-पहाटे गळतं आणि ऊन चढायच्या आत वेचावं लागतं. दहाला वर्गात येत तेव्हा त्यांच्या कपड्यांना तो जडसर गोड वास असायचा. नव्या शिक्षकांना वाटायचं, मुलं दारूच्या भट्टीवरून आली. ती फुलं वेचून आली असत. ही फुलं वाळवून ठेवतात, भाजून खातात, भाकरीच्या पिठात मळतात, लाडू करतात. त्यांची दारूही करतात. वारल्यांच्या घरी जन्म, लग्न, मरण आणि देवाचं काम या चारही ठिकाणी ती लागते, आणि आधी देवाला, मग जमिनीवर, मग माणसाला अशी तिची रीत आहे.

१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने गावोगावचं हे गाळणं बंद केलं. दारू सरकारी ठेक्यातून यायची, ताडाच्या झाडांवर कर बसला. तेवढ्यावर भागेना म्हणून १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा आणला, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी. त्याने फूल जवळ बाळगण्यावरच बंधन घातलं. झाड आमच्या दारात, फूल आमच्या अंगणात, आणि ते टोपलीत घेतलं की गुन्हा. पुढे १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून देवीचं वारं उठलं आणि डहाणू-उंबरगावच्या आदिवासी पाड्यांतून पार सुरतेपर्यंत गेलं. अंगात आलेली देवी सांगायची, दारू-ताडी सोडा. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. लोकांनी दारू सोडली, आणि त्याबरोबर ठेकेदारांच्या दुकानांवर पाठ फिरवली. म्हणजे सोडायची की नाही हेही ज्यांची होती त्यांनी ठरवलं होतं. २०२१ मध्ये राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरचे निर्बंध उठवले. इंग्रजांचा तो मोहाचा कायदा येऊन तोवर १२९ वर्षं झाली होती.

म्हणून काही हातभट्टीचं कौतुक मला सांगायचं नाही. काळा गूळ, नवसागर आणि पत्र्याचा डबा यांतून जे निघतं त्याचा मोहाशी संबंध उरलेला नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत शंभरावर माणसं मेली, ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. त्यात ना फूल होतं ना धान्य. कायद्याने आणि गरिबीने मिळून हेच केलं. पेयातून झाड गेलं, रीत गेली, देव गेला आणि नुसती नशा उरली. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याच जिल्ह्यात बोर्डीला चिकूची वाइन करतात. पुण्यात २००९ मध्ये दुलाली या ब्रुअरीने स्थानिक बिअरची वाट पाडली. ही सगळी कामं परवाना काढून, मोजमाप ठेवून, उजेडात होतात. मोहाला हा उजेड मिळावा आणि त्याचा पैसा ज्या बायका पहाटे फुलं वेचतात त्यांच्या हातात पडावा, असं मला मनापासून वाटतं.

बारा दिवसांनी बुडबुडे थांबले. हायड्रोमीटर १.०१४ वर आला, म्हणजे मद्यार्क पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. आता कॉफी. जावयांनी चिकमगळूरची आणली होती. उकळून घालायची नाही, त्याने कडवट आणि आंबट होतं. शंभर ग्रॅम जाडसर दळून अर्धा लिटर थंड पाण्यात एक दिवस फ्रिजमध्ये ठेवली आणि गाळून तेवढंच काळं पाणी बिअरमध्ये ओतलं. आजीची कॉफी टाकळ्याच्या बियांची असायची. पावसाळ्यानंतर टाकळ्याच्या शेंगा वाळल्या की ती बिया काढून लोखंडी तव्यावर काळ्या होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि गुळाच्या पाण्यात उकळायची. खरी कॉफी आमच्याकडे नंतर आली, एकादशीला, दुधात, वर जायफळ. त्या आठवणीने मी दोन बाटल्यांत जायफळाची चिमूट टाकायला सांगितली. शंभर ग्रॅम साखर विरघळवून मिसळली, बाटलीत पुन्हा थोडं आंबून फेस यावा म्हणून. छत्तीस बाटल्या भरल्या आणि कपाटात दोन आठवडे ठेवल्या.

मे महिन्याच्या शेवटी पहिली बाटली उघडली. मी आयुष्यात दारू घेतली नव्हती. लेक म्हणाली, “आई, नको वाटलं तर नको घेऊस.” मी अर्धा पेला घेतला. आधी कॉफी, मग भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्याची चव, मग कडू, आणि सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, तो दाण्याचा गोडवा जो पहिल्या दिवशी गॅरेजच्या पायरीवर लागला होता. तो शेवटपर्यंत टिकला होता. जायफळाच्या बाटल्या फसल्या, त्यात जायफळाशिवाय काहीच लागेना. पुन्हा मी बिअर घेईन असं वाटत नाही. पण त्या अर्ध्या पेल्याची मला लाज वाटली नाही आणि वाटायचं कारणही नाही.

मृगाच्या तोंडावर मी मासवणला परतले. दुसऱ्याच दिवशी अर्धा किलो नाचणी भिजवली. रात्रभर, एवढं आठवत होतं. पुढे किती? एक दिवस की दोन? आजी पाटावर वजन ठेवायची ते किती? मोड कुठवर वाढू द्यायचे, दाण्याएवढे की दुप्पट? आई गेली. थोरली बहीण म्हणाली, “आपण कधी पाहिलं गं, नुसतं खाल्लं.” रेडिंगला जावयांच्या वहीत प्रत्येक गोष्ट लिहिलेली होती, तारीख, तापमान, ग्रॅम, चूक. आजीने साठ वर्षं जे केलं त्याचा एक कागद आमच्या घरात नाही, आणि मी शिक्षिका असून तो लिहून घेतला नाही. शेवटी शेजारच्या पाड्यावरच्या एका वारली आजीकडे गेले. तिने फडकं उघडून बोटाने दाखवलं, मोड एवढा, याच्यापुढे गेला तर पीठ कडू. मी ते मोजलं, अर्ध्या इंचाहून थोडं कमी. उन्हाळ्याच्या उकाड्यात दीड दिवस पुरे, थंडीत दोन रात्री, असं ती म्हणाली. वहीत लिहिलं.

पीठ तयार झाल्यावर साध्या नाचणीची घट्ट पेज शिजवली, इतकी घट्ट की पळी उभी राहिली. उतरवून पाच-दहा मिनिटं थांबले, ती बोट लावता येणार नाही इतपत गरम असताना त्यात मोडाच्या पिठाचा एक चमचा घातला आणि ढवळत राहिले. दोन मिनिटांत पळी कलली. पाच मिनिटांत पेज धारेने पडली. पाणी एक थेंबही घातलं नव्हतं. अंगणात अंगणवाडीच्या सेविका उभ्या होत्या, त्यांनी पळी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः तीनदा ओतून पाहिलं. मग त्या माझी वही मागायला लागल्या.

तुमच्या घरात नाचणीचं सत्त्व करणारी कुणी म्हातारी असेल तर या आठवड्यात तिच्याजवळ बसा. किती तास भिजवते, कुठे बांधते, मोड किती वाढू देते, तवा किती तापवते, हे तिच्याच शब्दांत लिहून घ्या. कागदावर तारीख आणि तिचं नाव घाला.